बर्माशेलची पाटी आणि तिचे हरवलेले गाव (धागा)

पुण्यात लोहगाव रस्त्यावर, विमानतळाच्या बाजूला, ‘बर्माशेल’ नावाची वस्ती आहे. ज्या कंपनीचे हे नाव, तिला भारतातून जाऊन अर्धे शतक होत आले. २४ जानेवारी १९७६ रोजी बर्माशेलचा भारतातील सारा कारभार केंद्र सरकारकडे आला आणि त्यानंतर देशभरातील पेट्रोल पंपांवरून पिवळा-तांबडा शिंपला हळूहळू उतरू लागला. त्या उतरलेल्या पाट्यांचे पुढे काय झाले आणि आजही काय होत आहे, हा या धाग्याचा विषय.

त्यांतील बऱ्याच भंगारात गेल्या. काही गोठ्याच्या छपरावर, काही विहिरीच्या कठड्याला आडोसा म्हणून लागल्या. उरलेल्या आता महाग झाल्या आहेत. मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवरच्या दुकानांत, ग्रामोफोनचे कर्णे आणि जुनी सिनेमा-पोस्टरे यांच्या शेजारी एनॅमलच्या पाट्या भिंतीला टेकून उभ्या असतात. तिथून त्या उपाहारगृहांत, चित्रपटांच्या सेटवर आणि हौशी संग्राहकांच्या दिवाणखान्यांत जातात. रंग किती टिकला, कोपरा कुठे उडाला, यावर घासाघीस होते. पाटी कोणत्या गावच्या कोणत्या नाक्यावर लागली होती, हे मात्र विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. जुन्या वस्तूंच्या हौसेने महाराष्ट्रात पुष्कळ चांगले काम केले आहे. पण पेट्रोल पंपांच्या पाट्यांबाबत या हौसेनेच पुरावा खाऊन टाकला आहे, असे म्हणणे भाग आहे.

हे म्हणणे कठोर वाटेल. ते समजण्यासाठी आधी त्या पाटीवरचे दोन शब्द वाचले पाहिजेत.

पहिला शब्द बर्मा. मराठी माणूस त्या देशाला ब्रह्मदेश म्हणत असे. पाटीवर आले ते इंग्रजांच्या जिभेवरचे नाव, तेही शेवटी जुन्या वळणाचा ‘एच’ लावून. इरावती नदीकाठच्या येनानजाँग येथे युरोपीय कंपन्या पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून स्थानिक घराणी वंशपरंपरेने तेलाच्या विहिरी हाताने खणत असत. १८७१ मध्ये रंगून ऑइल कंपनी निघाली. ती नीट चालली नाही. तिच्या जागी १८८६ मध्ये स्कॉटलंडच्या डेव्हिड कारगिल यांनी बर्मा ऑइल कंपनी उभी केली. त्याच वर्षी ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचा प्रांत झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे तेल आणि तलवार यांचे नाते वेगळे सांगावे लागत नाही. रंगूनजवळ सिरियम येथे तेल शुद्ध होई आणि जहाजांतून कलकत्ता, मद्रास, मुंबई या बंदरांत येई. इराणमध्ये तेल सापडल्यावर १९०९ मध्ये निघालेली अँग्लो-पर्शियन कंपनी, म्हणजे आजची बीपी, हीसुद्धा याच बर्मा ऑइलची लेक. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री जर्मन युद्धनौका ‘एम्डन’ने मद्रासवर तोफा डागल्या, तेव्हा पेटल्या त्या बर्मा ऑइलच्याच टाक्या. त्या नौकेची दहशत अशी बसली, की हिकमती, धाडसी माणसाला तमिळ बोलीत ‘एमडन’ म्हणू लागले.

दुसरा शब्द शेल. लंडनमध्ये सॅम्युएल कुटुंबाचे दुकान पूर्वेकडून आणलेल्या शोभेच्या वस्तू आणि शिंपल्यांनी मढवलेल्या पेट्या विकत असे. मुलगा मार्कस सॅम्युएल तेलाच्या धंद्यात उतरला. १८९१ मध्ये पूर्वेकडे पाठवण्याच्या रॉकेलला त्याने शेल हे नाव दिले आणि १८९२ मध्ये त्याचे ‘म्युरेक्स’ हे टाकीजहाज सुएझ कालव्यातून पूर्वेस गेले. म्युरेक्स हेही एका समुद्री शंखाचेच नाव. तोवर रॉकेल डब्यांत भरून, डबे खोक्यांत घालून जहाजावर चढवावे लागे. आता ते सुट्टे, टाकीतून येऊ लागले. १९०० साली कंपनीच्या चिन्हावर साधी शिंपली होती. १९०४ पासून पंख्यासारखा पसरलेला, पन्हळी शिंपला आला. तोच पुढे पेट्रोल पंपांवर चढला.

या दोन घराण्यांची सोयरीक १९२८ मध्ये झाली. बर्मा ऑइल आणि शेलच्या गटातली एशियाटिक पेट्रोलियम (इंडिया) यांनी मिळून ‘बर्मा-शेल ऑइल स्टोरेज अँड डिस्ट्रिब्यूटिंग कंपनी ऑफ इंडिया’ स्थापली. नावातच कंपनीचे काम आहे: साठवणे आणि वाटणे. हे वर्ष पाठ करून ठेवण्याजोगे आहे, कारण बाजारात ‘१९१० ची बर्माशेल पाटी’ म्हणून वस्तू मिळतात. १९२८ पूर्वीची बर्माशेलची पाटी असूच शकत नाही.

येथे एक गैरसमज दूर व्हावा. बर्माशेलचे नाव काढले की मोटारी डोळ्यांसमोर येतात. पण आरंभी कंपनीचे मोठे गिऱ्हाईक मोटारवाला नव्हता, दिवा लावणारे घर होते. चार गॅलनचा, म्हणजे सुमारे अठरा लिटरचा, चौकोनी पत्र्याचा डबा आगगाडीने, बैलगाडीने, कोकणच्या खाडीत गलबताने गावोगाव जाई. या व्यापाराने मराठीला शब्द दिले. ‘रॉक ऑइल’चे रॉकेल झाले, ‘गॅसलाइट’चे घासलेट झाले. करंज, एरंड, तीळ यांची तेले समईत आणि पणतीत जळत होती, त्यांना कंदील आणि चिमणी यांनी बाजूला सारले, आणि ज्या घरात रात्री पुस्तक उघडले जात नव्हते तिथे ते उघडले जाऊ लागले. रिकामा डबा तर कोणी टाकून देत नसे. त्यात धान्य राही, कावडीला बांधून पाणी येई, तो फाडून छपराला आणि दाराला ठिगळे लागत. किराणा दुकानातला तेला-तुपाचा चौकोनी डबा त्याच जातकुळीचा आहे. एका परदेशी कंपनीचा माल संपल्यावर तिचे वेष्टन गरिबाच्या घराची भिंत होते, हे पाटीच्या चकचकीत रंगात दिसत नाही. म्हणून संग्राहकाने एक पाटी घेतली तर शेजारी एक डबाही ठेवावा; इतिहास त्या दोघांत मिळून आहे.

मोटारींची संख्या वाढली तसे पेट्रोलही आधी डब्यांतूनच विकले गेले. मग हाताने दांडा हलवून पेट्रोल वर चढवणारे पंप आले आणि १९३० च्या दशकात रस्त्यापासून आत सरकलेली, मोटार वळवून उभी करता येईल अशी विक्रीकेंद्रे दिसू लागली. रस्त्यावरून वेगाने जाणाऱ्याला लांबून ओळखू यावे यासाठी पाटी उंच झाली, दोन्ही बाजूंनी रंगली. तेलाच्या व्यापाराला त्याआधी पाटी लागत नसे असे नव्हे. पण दुकानाची पाटी थांबलेल्या माणसासाठी असते आणि पंपाची पाटी धावत्या माणसासाठी. अक्षरे कमी, आकार मोठा, रंग दोनच, हे तिथून आले.

त्या काळाचे एक चित्र प्रसिद्ध आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीवर टपाल आणले. भारतीय नागरी हवाई वाहतुकीचा तो आरंभ. अहमदाबादला विमानात पेट्रोल भरायचे होते. ते बर्माशेलने पुरवले, चार-चार गॅलनच्या डब्यांतून, आणि डबे आणले बैलगाडीने. विसावे शतक भारतात कसे आले याचे याहून नेमके दृश्य शोधून सापडणार नाही.

मग पाटीवरचा पहिला शब्द खोटा ठरला. १९३७ मध्ये ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून प्रशासकीयदृष्ट्या वेगळा झालाच होता. १९४२ मध्ये जपानी फौजा पुढे सरकल्या तेव्हा काही शत्रूच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनीच सिरियमचा कारखाना आणि येनानजाँगच्या विहिरी उद्ध्वस्त केल्या. (या विध्वंसाची भरपाई मागत कंपनी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत गेली आणि तिथे जिंकलीही, तेव्हा ब्रिटिश संसदेने १९६५ मध्ये पूर्वलक्षी कायदा करून तो निकालच निष्प्रभ केला. कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही वाचतात.) ब्रह्मदेशातून येणारा तेलाचा जुना ओघ असा खंडित झाला, तरी नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या पंपावर ‘बर्मा’ हा शब्द आणखी तीन दशके झळकत राहिला. व्यापारचिन्हाचे आयुष्य मालाच्या उगमापेक्षा मोठे असते, ते असे.

स्वातंत्र्यानंतर कंपनीने भारतात शुद्धीकरण कारखाना घालावा असे १९५१ मध्ये ठरले. तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या किनाऱ्यावर आधी १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकचा आणि १९५५ च्या जानेवारीत बर्माशेलचा कारखाना सुरू झाला. कॅलटेक्सने विशाखापट्टणम निवडले. मुंबईच्या स्वयंपाकघरांत ‘बर्शेन’ नावाचा गॅस आला तो याच दशकात. शेगडी, स्टोव्ह आणि गॅस अशी तीन युगे एकाच आजीने पाहिली, त्यांपैकी दोहोंत बर्माशेलचा हात होता. कॅनडाचे माहितीपटकार जेम्स बेव्हरिज यांच्या देखरेखीखाली कंपनीने भारतीय खेडी आणि कला यांवर चित्रपटही काढले. पन्नाशीच्या दशकातील बर्माशेल म्हणजे केवळ तेल विकणारी पेढी नव्हती. बॅलार्ड इस्टेटमधून चालणारा तो एक लहानसा दरबार होता.

या दरबाराचा शेवट कसा झाला, याबद्दल आज दोन सोप्या गोष्टी सांगितल्या जातात. एका गोष्टीत टापटिपीच्या, शिस्तीच्या परदेशी पंपांना सरकारने गिळले. दुसरीत लुटारूंना देशाने हाकलले. पाटी विकणाऱ्याला पहिली गोष्ट सोयीची, भाषण करणाऱ्याला दुसरी. कागदपत्रे दोघांचीही पंचाईत करतात.

पन्नाशीच्या दशकात परदेशी कंपन्या भारतात तेलाचा भाव आयात मालाच्या दराशी बांधून ठरवत. १९६० मध्ये सोव्हिएत संघाने रुपयांत आणि स्वस्तात कच्चे तेल देऊ केले. तेलमंत्री के. डी. मालवीय यांनी ते शुद्ध करावे असे कंपन्यांना सांगितले. कंपन्यांनी नकार दिला. त्यांचे पश्चिम आशियात स्वतःचे तेल होते आणि भारताच्या कारखान्यांना तेच घालण्यात त्यांचा नफा होता. पुढे के. आर. दामले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६१ मध्ये भावांची छाननी केली आणि कंपन्यांना दर उतरवावे लागले. १९५९ मध्ये निघालेली इंडियन ऑइल दरम्यान वाढत होती. १९७३ मध्ये तेलाचा जागतिक भडका उडाला. १९७४ मध्ये सरकारने एस्सोचा मोठा हिस्सा घेतला आणि हिंदुस्थान पेट्रोलियम उभी राहिली; १९७६ च्या आरंभी बर्माशेलचा क्रम आला; त्यानंतर कॅलटेक्सचा. देशात तेव्हा आणीबाणी होती. पण बर्माशेलवर एका रात्री टाच आली असे नव्हे. हे हस्तांतर वाटाघाटींनी, मोबदला देऊन आणि संसदेच्या कायद्याने झाले. लंडनमध्ये बर्मा ऑइल स्वतःच १९७५ च्या सुरुवातीला इतकी अडचणीत आली होती, की बँक ऑफ इंग्लंडला तिला तारावे लागले. कारखान्याची कंपनी आधी भारत रिफायनरीज झाली आणि १ ऑगस्ट १९७७ पासून भारत पेट्रोलियम. जुन्या राजधानीच्याच आसपास, बॅलार्ड इस्टेटमधील ‘भारत भवन’ हे तिचे मुख्यालय.

आज पुण्या-मुंबईत पुन्हा शेलचे पंप दिसतात. ते पाहून काही उत्साही मंडळी ‘जुनी कंपनी परतली’ असे लिहितात. चिन्ह परतले, वारसा परतला नाही. १९७६ चा डीलर, त्याची जागा, त्याच्या जमिनीखालच्या टाक्या, नोकर आणि खातेवह्या या साऱ्यांची वारस भारत पेट्रोलियम आहे. कराचीत मात्र कथा निराळी झाली: तिथे ‘पाकिस्तान बर्मा शेल’ हे नाव १९९३ पर्यंत चालू होते. म्हणजे एकच पाटी एका देशात सतरा वर्षे आधी पुराणवस्तू झाली.

आता त्या पाटीकडे वस्तू म्हणून पाहू. जुनी पाटी म्हणजे रंगवलेला पत्रा नव्हे. लोखंडी पत्र्यावर काचेच्या भुकटीचा गडद थर देऊन तो भट्टीत भाजत. मग पांढरा किंवा पिवळा. मग छाप्याने तांबडा. दर थराला निराळी भाजणी. पत्र्यावर अक्षरशः काच वितळलेली असे. म्हणून उन्हापावसात पन्नास वर्षे रंग उडत नाही, आणि म्हणूनच दगड बसला की काच फुटावी तसा टवका उडतो. खऱ्या पाटीवर बोट फिरवले तर जिथे एक रंग दुसऱ्यावर चढला तिथे बारीक उंचवटा लागतो. टवक्यात आधी काळसर थर आणि मग लोखंड दिसते. गंज धरतो तो स्क्रूच्या भोकांभोवती, कारण आवळताना तिथे काच तडकते. नकली पाटीवर गंज सगळीकडे सारखा, आम्लाने आणलेला असतो आणि भोके मात्र स्वच्छ असतात.

काळ ओळखण्याच्या खुणा पाटीवर आणि पंपावर असतात, आणि त्यांसाठी विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबण्याचे कारण नाही. नावातच पहिली खूण: बर्माशेल १९२८ ते १९७६, भारतातील एस्सो १९६२ ते १९७४, त्यापूर्वी स्टॅनव्हॅक. एस्सोच्या भारतीय पाटीला त्यामुळे जेमतेम बारा वर्षांचे आयुष्य आहे आणि तिला ‘ब्रिटिशकालीन’ म्हणणारा एक तर अजाण आहे किंवा फार जाणता. पंपाच्या तबकडीवर आणे असतील तर यंत्र १ एप्रिल १९५७ च्या आधीचे, कारण त्या दिवशी नवे पैसे आले. गॅलन असेल तर ते मेट्रिक मापे रूढ होण्यापूर्वीचे. ती साठीच्या दशकाच्या आरंभापर्यंत सक्तीची झाली. पत्त्यात पिन कोड असेल तर पाटी १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. शिंपल्याच्या पन्हळी जितक्या बारीक आणि खऱ्याखुऱ्या, तितके चित्र जुने. रेमंड लोवी यांनी १९७१ मध्ये केलेला साधा, ठसठशीत शिंपला भारतातल्या बर्माशेलच्या वाट्याला पुरता पाच वर्षेही आला नाही.

या साऱ्या खुणा पाटी उचलून मुंबईला आणली तरी तिच्यासोबत येतात. जे येत नाही ते याहून मोलाचे आहे. पेट्रोल पंप गावाच्या मध्यात नसे. तो गावाच्या वेशीवर, जकात नाक्याच्या अलीकडे किंवा पलीकडे, मोठ्या रस्त्याला लागून असे. त्यामुळे १९५० सालच्या पंपाची जागा नकाशावर मांडली तर त्या वर्षी गाव कुठे संपत होते ते कळते. आज तो चौक शहराच्या पोटात गेलेला असतो. पाटीचे तोंड ज्या दिशेला, त्या दिशेने तेव्हाची रहदारी येत असे. बाह्यवळण झाल्यावर रस्ता दुसरीकडे गेला तरी पाटी जुन्या रस्त्याकडेच पाहत राहते. मुंबई-पुणे प्रवासात खोपोली, खंडाळा, तळेगाव यांवरून जाणारा जुना मार्ग आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग यांतील फरक ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना हे सांगावे लागणार नाही. भिंतीवरची पाटी हा रस्त्याचा शिलालेख आहे. वीरगळ उचलून बंगल्याच्या बागेत ठेवला की तो कोणत्या गावच्या कोणत्या लढाईचा हे कायमचे पुसले जाते. इतिहासप्रेमी त्यावर संतापतात आणि ते योग्यच आहे. तोच संताप पत्र्याच्या वाट्याला का येत नाही, याचे उत्तर एवढेच की पत्रा पुरेसा जुना वाटत नाही.

कायद्यालाही तो जुना वाटत नाही. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी अधिनियमात पुरावशेष ठरण्यासाठी वस्तू सामान्यतः शंभर वर्षांची असावी लागते. बर्माशेलच्या सर्वांत जुन्या पाटीला ही शंभरी २०२८ मध्ये भरेल. एस्सोच्या पाटीला २०६२ पर्यंत थांबावे लागेल. तोपर्यंत ती भंगारवाल्याच्या तराजूवर जाऊ शकते, परदेशी जाऊ शकते, आणि चौपदरीकरणात जमीनदोस्त होणाऱ्या पंपाबरोबर गाडली जाऊ शकते. कोणताही नियम मोडत नाही. शंभरीनंतरही एखादा सरकारी अधिकारी पत्र्याच्या पाटीची नोंद करायला धावत येईल अशी आशा धरणे भाबडेपणाचे ठरेल. कायद्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

संग्राहकांना दोष देऊन थांबणेही अन्यायाचे होईल. त्यांनी घेतल्या नसत्या तर बहुतेक पाट्या वितळल्या असत्या. शिवाय खेडेगावातल्या एखाद्या म्हाताऱ्या डीलरला जुन्या पत्र्याचे चार पैसे मिळत असतील, तर ‘तो तिथेच राहू द्या’ हा शहाणपणा शहरात बसून शिकवणे सोपे आहे. मागणी एवढीच असावी, की पाटी हलवण्याआधी तिचे ठिकाण टिपले जावे आणि ती टिपण पाटीच्या पाठीला चिकटून राहावी. गावाचे नाव, रस्ता, पाटीचे तोंड कोणीकडे, जमिनीपासून उंची, भोवतालासह एक छायाचित्र, डीलर घराण्याला मान्य असेल तर त्यांचे दोन शब्द. अशी टिपण असलेली पाटी दुप्पट भावाने विकली गेली तरी चालेल. उलट तसे झाले तर बरेच, कारण मग विकणारेच टिपणे करू लागतील. लिलाव करणाऱ्यांनी ‘दुर्मीळ’ या विशेषणाऐवजी गावाचे नाव छापायला सुरुवात केली तर अर्धे काम होईल.

उरलेले अर्धे काम कपाटांत आहे. पेट्रोल साठवण्यासाठी १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याखाली परवाना लागे आणि परवान्यासोबत जागेचा मंजूर नकाशा असे. विस्फोटक विभागाचे मुख्यालय नागपूरला आहे, ही गोष्ट विदर्भातल्या तरुण अभ्यासकांच्या लक्षात आलेली दिसत नाही. त्याहून जवळचे दप्तर डीलरांच्या घरी आहे. पंपाचे नाव बदलले, गणवेश बदलले, छत बदलले. पण कित्येक ठिकाणी चालवणारे कुटुंब तेच राहिले. त्यांच्या लोखंडी कपाटात कंपनीशी झालेले करार, तपासनीसांचे शेरे, उधारीच्या वह्या असतात. कोणत्या साखर कारखान्याचे ट्रक कधीपासून येऊ लागले, कोणत्या बागायतदाराने पाण्याच्या इंजिनासाठी डिझेल कधी नेले, गावात पहिली मोटारसायकल कोणाची, हे त्या वह्यांत तारखांसह लिहिलेले असते. हरित क्रांतीचा स्थानिक इतिहास लिहिणाऱ्याला याहून चांगले साधन क्वचितच मिळेल. पंपाचे नूतनीकरण निघाले की पहिला बळी याच कपाटाचा जातो.

भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या दोन्ही सार्वजनिक कंपन्या आहेत. त्यांच्याकडे आलेला वारसाही म्हणून सार्वजनिक आहे. राष्ट्रीयीकरणाचा अर्थ नफा आणि टाक्या ताब्यात घेणे एवढाच होता की आठवणीही ताब्यात आल्या, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. जुन्या डीलरांकडून पंपाचा पूर्वेतिहास एका पानावर लिहून घेणे कोणत्याही विक्री कार्यालयाला एका वर्षात जमण्यासारखे आहे. त्याला संग्रहालय लागत नाही, निधी लागत नाही. पाहणीच्या नेहमीच्या तक्त्यात एक रकाना वाढवावा लागतो.

या धाग्याच्या वाचकांपैकी अनेकजण सुट्टीत गडकोट हिंडतात. गडाच्या पायथ्याच्या गावी जाताना जुन्या रस्त्यावर एखादा बंद पंप लागतो: छताचा सांगाडा, मधोमध सिमेंटचा चौथरा, भिंतीवर चार स्क्रूंची भोके आणि त्यांच्यामध्ये ऊन न लागलेला गोल किंवा शिंपल्याच्या आकाराचा फिकट डाग. पाटी गेलेली असते, डाग राहिलेला असतो. तो डागही मोजता येतो, त्याचे छायाचित्र घेता येते आणि समोरच्या चहाच्या टपरीवर विचारता येते. विचारायचे ते मात्र लवकर. २४ जानेवारी १९७६ रोजी त्या पंपावर नळी धरून उभा असलेला वीस वर्षांचा पोरगा आता सत्तरीला पोहोचला आहे.